घाटरस्ता आणि आपली मोटार : मालकाने स्वतः करावयाची देखभाल

मोटारगाडी ही एके काळी जिल्ह्याच्या गावी डॉक्टर, वकील आणि मोजके व्यापारी यांच्याच दारात दिसणारी वस्तू होती. आज तालुक्यातील शिक्षक, ग्रामपंचायत अधिकारी, पंचायत समितीचे सदस्य, बागायतदार असे अनेकजण स्वतःच्या मोटारीने कामाच्या ठिकाणी ये-जा करतात. यांतील पुष्कळ मोटारी दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाकडे आलेल्या असतात. मोटारींची संख्या वाढली, तरी मोटारीविषयीची मालकाची जाण त्या प्रमाणात वाढली असे म्हणता येत नाही. किंबहुना ती कमीच झाली आहे. ॲम्बॅसेडर किंवा फियाट बाळगणारा गृहस्थ प्लग काढून साफ करीत असे, कार्बोरेटरमध्ये अडकलेला कचरा फुंकून काढीत असे आणि डिकीत पंख्याचा एक जादा पट्टा ठेवल्याशिवाय लांबच्या प्रवासाला निघत नसे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि मोटार मध्यमवर्गाच्या आटोक्यात आली. पुढे कार्बोरेटर जाऊन त्याच्या जागी संगणकाच्या हुकमतीखाली इंधनाचा फवारा सोडणारी यंत्रणा आली. आता बॉनेट उघडले की प्लास्टिकचे एक मोठे झाकण दिसते आणि ‘यातले आपल्याला काही कळायचे नाही’ असे म्हणून मालक ते पुन्हा बंद करतो.

हा समज अर्धाच खरा आहे. इंधन किती जाळावे आणि ठिणगी केव्हा पाडावी हे संगणक पाहतो, त्यात मालकाने हात घालू नये. परंतु रेडिएटरमधील पाणी, इंजिनातील तेल, टायरमधील हवा, बॅटरीचे टोक आणि ब्रेकची झीज यांची काळजी आजही माणसालाच घ्यावी लागते. सपाट रस्त्यावर यांतील उणीव महिनोन्‌महिने झाकली जाते. घाटात मात्र ती उघडी पडते, आणि तीही वस्तीपासून दूर, अरुंद वळणावर, मागे वाहनांची रांग लागलेली असताना. आपल्या राज्यात कोकणातून देशावर किंवा देशावरून कोकणात जाणाऱ्याला बोरघाट, कसारा, माळशेज, कुंभार्ली, फोंडा, आंबोली यांपैकी एखादा घाट ओलांडावाच लागतो. म्हणून घाट डोळ्यांसमोर ठेवून मोटारीची तपासणी केली, तर ती सर्वत्र उपयोगी पडते.

चढ आणि इंजिनाची उष्णता

सपाट रस्त्यावर ताशी साठ किलोमीटर वेगाने जाताना समोरून येणारा वारा रेडिएटरला आपोआप थंड करतो. घाटात ट्रकच्या मागे ताशी पंधरा किलोमीटर वेगाने, दुसऱ्या गिअरमध्ये चढताना इंजिन अधिक राबते आणि वारा मात्र जवळजवळ नसतो. तेव्हा सर्व भार रेडिएटरच्या विजेच्या पंख्यावर पडतो. पंखा बिघडलेला असेल, तर गावात आणि महामार्गावर त्याचा पत्ताही लागत नाही. पत्ता लागतो तो थेट खोपोलीच्या पुढे. याची परीक्षा घरच्या अंगणात करता येते. गाडी उभी ठेवून इंजिन दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवावे. काटा नेहमीच्या जागी आल्यावर पंखा आपणहून सुरू झाला आणि थोड्या वेळाने बंद पडला, तर तो ठीक आहे. वातानुकूलन सुरू करताच पंखा फिरू लागतो की नाही, हेही पाहावे. पंखा फिरत नसेल, तर प्रथम त्याचा फ्यूज पाहावा. फ्यूजच्या पेटीच्या झाकणावर नकाशा छापलेला असतो, आणि उडालेल्या फ्यूजमधील तार तुटलेली डोळ्यांना दिसते. त्याच अंकाचा नवा फ्यूज बसवावा. अधिक क्षमतेचा फ्यूज किंवा तांब्याची तार लावणे म्हणजे गाडीला आग लावण्याची तयारी करणे होय. पंखा इंजिन बंद असतानाही एकाएकी फिरू लागतो, याचे भान ठेवून बोटे त्याच्यापासून दूर ठेवावीत.

रेडिएटरचे कार्य समजून घ्यावयाचे तर स्वयंपाकघरातील प्रेशर कुकर आठवावा. मोकळ्या भांड्यात पाणी शंभर अंश सेल्सिअसला उकळते. झाकण घट्ट लावून दाब वाढविला की ते त्याहून वरच्या तपमानाला उकळते. रेडिएटरचे झाकण हेच करते. त्यात कूलंटचे मिश्रण असल्याने उकळीचे तपमान आणखी वर जाते. म्हणूनच तापलेल्या गाडीच्या रेडिएटरचे झाकण उघडणे अत्यंत धोक्याचे असते. दाब एकदम सुटतो, आतील द्रव क्षणात उकळतो आणि वाफेसह तोंडावर व हातांवर उडतो. कुकरची शिट्टी न काढता झाकण उघडू नये हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक असते. रेडिएटरबाबत तेवढीच सावधगिरी पुरुष मंडळींनी बाळगली, तर भाजण्याच्या अनेक घटना टळतील.

कूलंटची पातळी सकाळी, गाडी थंड असताना, बाजूच्या पांढुरक्या टाकीवरील दोन खुणांच्या दरम्यान आहे की नाही हे पाहावे. ती वारंवार खाली जात असेल तर कोठे तरी गळती आहे. रबरी नळ्या हाताने दाबून पाहाव्यात. फुगलेली, लिबलिबीत झालेली अथवा भेगाळलेली नळी बदलण्याजोगी समजावी. विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी रेडिएटरमध्ये घालण्याची सवय ग्रामीण भागात सर्रास आढळते. त्या पाण्यातील क्षार आतल्या बारीक नळ्यांत बसतात, आणि दोन-तीन वर्षांत रेडिएटर निम्माच उरतो. अडचणीच्या वेळी घातलेले असे पाणी पुढे काढून टाकावे, आणि एरवी तयार कूलंट किंवा कूलंट व शुद्ध ऊर्ध्वपातित पाणी यांचे उत्पादकाने सांगितलेले मिश्रण वापरावे. कूलंट चवीला गोडसर परंतु विषारी असते. मुले आणि जनावरे यांच्यापासून ते दूर ठेवावे. कच्च्या रस्त्याने जाणाऱ्या गाड्यांच्या रेडिएटरच्या जाळीत चिखल, पाचट आणि किडे अडकून बसतात. थंड असताना हलक्या हाताने पाणी मारून ते काढले, तरी पुष्कळ फरक पडतो.

चढावर काटा वर सरकू लागला तर वातानुकूलन ताबडतोब बंद करावे, खिडक्या उघडाव्यात आणि गाडीतील उष्ण हवेचा हीटर पूर्ण सोडावा. उन्हाळ्यात हे विचित्र वाटेल. परंतु हीटर म्हणजे इंजिनाच्या गरम पाण्यावर चालणारा एक लहान रेडिएटरच असतो, आणि तो इंजिनातील उष्णता बाहेर काढतो. काटा तरीही लाल खुणेकडे गेला किंवा वाफ दिसू लागली, तर रुंद जागा पाहून थांबावे, इंजिन बंद करावे आणि किमान अर्धा तास झाकणाला हात लावू नये. थंड पाणी एकदम ओतल्यास तापलेल्या इंजिनाचा वरचा भाग वाकतो किंवा तडकतो, आणि काही शे रुपयांच्या नळीचे काम काही हजारांवर जाते. ‘थोडेच राहिले आहे, वर जाऊन पाहू’ हा विचार तर सर्वांत महाग पडतो.

उतार आणि ब्रेक

चढ इंजिनाची परीक्षा घेतो, उतार ब्रेकची. येथे थोडे गणित उपयोगी पडेल. खोपोली ते लोणावळा या टप्प्यात उंचीचा फरक सुमारे साडेपाचशे मीटर आहे. माणसे व सामान धरून तेराशे किलोग्रॅम वजनाची मोटार एवढी उंची उतरते, तेव्हा तिच्यातून जी ऊर्जा बाहेर पडते, ती सुमारे चोवीस लिटर पाणी, म्हणजे दोन बादल्या, तीस अंशांपासून उकळीपर्यंत तापविण्यास पुरेशी असते. यांतील काही भाग वाऱ्याच्या विरोधात खर्च होतो. उरलेली उष्णता कोठे जावयाची? गाडी गिअरमध्ये असेल तर मोठा वाटा इंजिन उचलते. गाडी न्यूट्रलमध्ये सोडली असेल, तर जवळजवळ सर्व उष्णता चार चाकांतील ब्रेकच्या पट्ट्यांना सोसावी लागते. त्या तापल्या की त्यांची पकड कमी होते, आणि पुढे ब्रेकच्या तेलातही वाफ धरू लागते. तेलावर दाब टाकता येतो, वाफ मात्र दाबली जाते. परिणामी पाय पॅडलवर असूनही गाडी थांबत नाही.

इंधन वाचविण्यासाठी उतारावर न्यूट्रल करण्याची प्रथा कार्बोरेटरच्या काळापासून चालत आली आहे, आणि अनुभवी म्हणविणारे चालकही ती अभिमानाने पाळतात. इंधनाचा फवारा असणाऱ्या आजच्या गाड्यांत हा हिशेब उलटा आहे. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की उतारावर संगणक इंधन तोडतो, कारण चाकेच इंजिनाला फिरवीत असतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी इंधन जाळावेच लागते. म्हणजे न्यूट्रल करणारा मनुष्य इंधनही घालवितो आणि ब्रेकही. उतारावर इंजिन बंद करणे तर त्याहून भयंकर होय. इंजिन बंद होताच ब्रेकला मिळणारे साहाय्य दोन-तीन दाबांनंतर संपते, स्टिअरिंग जड होते, आणि किल्ली बाहेर काढल्यास काही गाड्यांत ते अडकूनही बसते. हा घाट ज्या गिअरमध्ये चढलो असतो, त्याच गिअरमध्ये उतरावा, हा जुन्या एस. टी. चालकांचा नियम आजही तितकाच योग्य आहे. स्वयंचलित गिअरच्या गाडीत यासाठी खालच्या गिअरची खूण असलेली स्थिती किंवा हाताने गिअर बदलण्याची सोय दिलेली असते. ती कोठे आहे हे घाटात नव्हे, घरी शोधून ठेवावे.

ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते. ‘डॉट ४’ प्रकारचे नवे तेल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा मुरलेल्या तेलासाठी हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. कोकणातील दमट हवेत राहणाऱ्या गाडीचे तेल दोन वर्षांनी बदलून घेण्याचे कारण हे आहे. तेलाच्या टाकीतील पातळी खाली गेलेली दिसली की कित्येकजण बाटली आणून ती भरतात आणि निश्चिंत होतात. वस्तुतः ती पातळी खाली जाणे हीच सूचना असते. पट्ट्या झिजत गेल्या की तेल चाकांकडे उतरते आणि टाकीत कमी दिसते. क्वचित कोठे तरी गळतीही असते. भर घालून आपण सूचना पुसतो, दोष तसाच राहतो. पॅडल स्पंजासारखे मऊ लागत असेल तर तेलात हवा शिरली आहे. पाय दाबून धरला असता पॅडल सावकाश खाली जात असेल तर आतील रबरी भाग गळत आहे. ब्रेक लावताना कर्कश किंचाळी येते, ती बहुधा पट्टी संपत आल्याची असते. गाडी एका बाजूला ओढत असेल तर एका चाकाचा ब्रेक किंवा टायर दोषी असतो. ही लक्षणे ओळखणे मालकाचे काम. त्यांची दुरुस्ती मात्र जाणत्या कारागिराकडेच सोपवावी.

उतारावर ब्रेकचा जळका वास आला तर सुरक्षित जागी थांबून अर्धा तास गाडी थंड होऊ द्यावी. तापलेल्या चकत्यांवर पाणी ओतू नये. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावावेत आणि निघताना ते दगड आठवणीने कडेला टाकावेत. रस्त्यात सोडलेले असे दगड रात्री येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या जिवावर बेततात, आणि ते सोडणारे पुष्कळदा सुशिक्षित असतात. ब्रेक पूर्णपणे निकामी झाल्यास पॅडल जलद दाबत राहावे, एकेक गिअर खाली आणावा, हातब्रेक एकदम न ओढता हळूहळू लावावा, आणि उपाय उरला नाही तर दरीकडे न जाता डोंगराच्या बाजूला गाडी घासत थांबवावी. पत्रा पुन्हा ठोकून घेता येतो.

टायर

टायरमध्ये हवा किती भरावी, याचे उत्तर टायरवर नसते. तेथे छापलेला आकडा हा त्या टायरची कमाल मर्यादा सांगतो. गाडीसाठी योग्य असलेला दाब चालकाच्या दाराच्या खांबावरील पट्टीवर किंवा इंधनाच्या झाकणाच्या आतील बाजूस लिहिलेला असतो. भरलेल्या गाडीसाठी तेथे वेगळा आकडा असतो, आणि तो सहसा कोणी वाचत नाही. दाब टायर थंड असताना मोजावा. नायट्रोजन भरण्यासाठी पैसे द्यावेत काय, असे अनेकजण विचारतात. साध्या हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो. त्यासाठी खर्च करण्यापेक्षा पंधरा दिवसांनी साधी हवा तपासणे अधिक शहाणपणाचे, असे आमचे मत आहे.

कमी हवेचा टायर रस्त्यावर दबून चालतो, त्याच्या बाजू सतत वाकतात आणि आतून तापतात. वेग आणि अंतर वाढले की तो फुटतो. हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे महाराष्ट्र समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा हा मार्ग पूर्ण झाला. सिमेंट काँक्रीटच्या या सरळ मार्गावर तासन्‌तास एकाच वेगाने गाडी चालविली जाते, आणि गावातल्या गावात चालून गेलेला जुना टायर तेथे दगा देतो. २०२३ मध्ये या मार्गाच्या प्रवेशद्वारांवर टायर तपासून झिजलेल्या टायरांच्या वाहनांना परत पाठविण्याची मोहीम घेण्यात आली, ती यामुळेच. मोटारीच्या टायरच्या खाचांची खोली किमान १.६ मिलिमीटर असावी लागते. खाचांच्या तळाशी आडवे लहान उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला की तो बाद समजावा. टायरचे वयही पाहावे. बाजूवरील लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. ‘२३१९’ असे असेल, तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. जुनी गाडी घेताना हे चार आकडे विक्रेत्याच्या बोलण्यापेक्षा अधिक विश्वसनीय असतात. दोन्ही कडा झिजलेल्या असतील तर हवा कमी राहिली. मधला भाग झिजला असेल तर जास्त. एकच कड झिजली असेल तर चाकांची मांडणी बिघडली आहे.

चाक बदलण्याचा सराव घरी एकदा तरी करावा. नट चाक जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत, मग जॅकने गाडी उचलावी. नवे चाक बसविल्यावर नट समोरासमोरचे असे आळीपाळीने आवळावेत आणि गाडी खाली घेतल्यावर पुन्हा घट्ट करावेत. केवळ जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली शरीराचा कोणताही भाग नेऊ नये. स्टेपनीत हवा आहे की नाही, हे पंक्चर झाल्यावर पाहण्यात अर्थ नाही.

गाडी सुरू होत नाही तेव्हा

किल्ली फिरविल्यावर नुसता ‘टिक्‌’ असा आवाज आला आणि दिवे मंद झाले, तर दोष बॅटरीत किंवा तिच्या जोडणीत आहे. टोकांवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी भुकटी जमली असेल, तर खाण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून ती जुन्या दातब्रशने काढावी. जोडणी सोडताना ऋण टोक आधी सोडावे आणि जोडताना ते शेवटी जोडावे. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीचा आधार घ्यावयाचा झाल्यास लाल तार प्रथम बंद गाडीच्या धन टोकाला व नंतर चालू गाडीच्या धन टोकाला लावावी. काळी तार चालू गाडीच्या ऋण टोकाला, आणि तिचे दुसरे टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर लावावे. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघत असतो आणि शेवटची जोडणी करताना ठिणगी पडते, हे त्यामागील कारण होय.

याउलट इंजिन जोमाने फिरते, पण पेट घेत नाही, तर बॅटरीला दोष देऊ नये. इंधन येत नाही, ठिणगी पडत नाही किंवा किल्ली ओळखली जात नाही, यांपैकी काही तरी असते. दुसरी किल्ली वापरून पाहावी, फ्यूज पाहावेत आणि त्यापुढे मेकॅनिकला बोलवावे.

पावसाळ्यातील एक प्रसंग येथे वेगळा सांगितला पाहिजे. साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली, तर ती पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करू नये. इंजिनात पाणी शिरले असेल तर ते दाबले जात नाही. स्टार्टर फिरविताच आतील दांडे वाकतात. गाडी ढकलून किंवा ओढून कोरड्यात न्यावी. पाणी वाढत असेल तर गाडीचा मोह सोडून खिडक्या चालतात तोवर त्या उघडून बाहेर पडावे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईत बंद गाड्यांत अडकून माणसे गुदमरून मरण पावली. विजेवर चालणाऱ्या काचा पाण्यात अडकतात. आसनावरील डोके टेकण्याची उशी ओढून निघत असेल, तर तिचे पोलादी दांडे काचेच्या कोपऱ्यावर मारण्यास उपयोगी पडतात.

कोठे थांबावे

एअरबॅगची जोडणी, ब्रेकच्या तेलाच्या नळ्या, स्टिअरिंगचे सांधे आणि विजेवरील किंवा संकरित मोटारींतील नारिंगी रंगाच्या जाड तारा यांना मालकाने हात लावू नये. इंधनाचा वास येत असेल तर गाडी सुरूच करू नये. २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आल्यापासून जुन्या गाड्यांच्या रबरी इंधननळ्यांकडे तर अधिक लक्ष दिले पाहिजे. त्या मऊ पडल्या किंवा भेगाळल्या असल्यास बदलून घ्याव्यात. डॅशबोर्डवरील पिवळा दिवा म्हणजे लवकर दाखवा, आणि लाल दिवा म्हणजे येथेच थांबा, एवढे तरी घरातील प्रत्येक चालकास माहीत असावे. तेलाच्या किटलीचे चित्र असलेला लाल दिवा चालत्या गाडीत लागला, तर एक किलोमीटरही पुढे जाऊ नये. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ हा क्रमांक आहे, आणि कोठेही संकट ओढवल्यास ११२.

शासकीय वाहनाला लॉगबुक असते. ते वापरणाऱ्या अधिकाऱ्याच्या स्वतःच्या मोटारीला मात्र नसते, आणि ग्रामपंचायतीच्या घंटागाडीला असलेच तर त्यात बहुधा फक्त किलोमीटर व डिझेल लिहिलेले आढळते. शाळेच्या शंभर पानी वहीत तारीख, किलोमीटर, घातलेले कूलंट, तेलाची पातळी, चारही टायर आणि स्टेपनी यांचा दाब, आणि बदललेला भाग एवढेच स्तंभ आखावेत. कूलंट पूर्वी तीन महिन्यांनी घालावे लागे, आता पंधरा दिवसांनी लागते, ही गोष्ट कोणत्याही चालकाच्या स्मरणात राहत नाही. वहीत ती एका नजरेत दिसते, आणि गाडी घाटाच्या पायथ्याशी पोहोचण्यापूर्वी दिसते.